वेळेवर पट्टी भरणाऱ्याचे काय?

एप्रिल महिना उजाडला की आपल्या सीमाभागातल्या गावागावांत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे गच्चीवर वाळत घातलेले पापड-सांडगे आणि दुसरी म्हणजे घरपट्टी भरण्याची लगबग. आता पुष्कळजण मोबाईलवरून पैसे भरतात, पण रांगा काही संपलेल्या नाहीत. त्या रांगेतली माणसे जरा निरखून पाहा. निवृत्त शिक्षक, पेन्शनवाले, शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या बायका, छोटे दुकानदार, एखादा गवंडीमिस्त्री. हातात जुन्या पावत्यांची पिशवी आणि मनात एकच विचार, ‘महिना संपायच्या आत भरून टाकावी, सूट तरी मिळेल.’

ही सूट म्हणजे पाच टक्के. कर्नाटकात आर्थिक वर्षाच्या पहिल्या महिन्यात घरपट्टी भरली तर ती मिळते. पुढचे दोन महिने सूटही नाही आणि दंडही नाही. त्यानंतर मात्र दरमहा दोन टक्के दंड सुरू होतो. कागदावर हा नियम अगदी सरळ आहे. जो वेळेवर भरेल त्याला बक्षीस, जो चुकवेल त्याला शिक्षा. शाळेत मुलांना आपण हेच शिकवतो. पण वाचकहो, मोठेपणी हा धडा खरा ठरतो का? नगरपालिका, महापालिका आणि सरकार यांची धोरणे नियम पाळणाऱ्या साध्या माणसाच्या सोयीची आहेत, की नियम न पाळणाऱ्याच्या?

सूट पाचशेची, माफी हजारांची

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे घरात कुठलाही हिशेब निघाला की पेन्सिल माझ्याच हातात येते. गेल्या वर्षी धाकटे भाऊजी चहाला आले होते. मी घरपट्टीची पावती फाईलला लावत होते. ते हसून म्हणाले, “काय ओ वहिनी, एवढी घाई कशाला करताय? थांबा की जरा. चार वर्षांनी सरकारच दंड माफ करतंय.”

भाऊजी गमतीने बोलले, पण मी खरोखरच हिशेब मांडला. समजा, घरपट्टी आहे दहा हजार रुपये. एप्रिलमध्ये भरली तर पाचशे रुपये वाचतात. आता दुसऱ्या एका माणसाने ती भरलीच नाही आणि तेच दहा हजार सहा टक्के व्याजाने ठेवीत टाकले. पाच वर्षांनी त्याचे साधारण तेरा हजार तीनशे ऐंशी झाले. दरमहा दोन टक्के दंड खरोखर वसूल झाला, तर त्याला बारा हजारांच्या आसपास दंड बसेल आणि त्याचा शहाणपणा अंगलट येईल. पण मध्येच माफीची योजना आली, तर तो मूळ दहा हजार भरून मोकळा होतो आणि तीन हजारांहून जास्त रुपये खिशात राहतात. वेळेवर भरणाऱ्याचे पाचशे आणि चुकवणाऱ्याचे तीन हजार. सांगा, शहाणा कोण ठरला?

हे काल्पनिक नाही. बंगळूरमध्ये २०२४ साली थकबाकीदारांसाठी ‘एकरकमी परतफेड’ योजना आली. थकबाकीवरचे व्याज पूर्ण माफ आणि दंड निम्मा. मुदत जुलैअखेर होती, ती वाढवून नोव्हेंबरअखेर केली. महाराष्ट्रातही वेगळे नाही. तिथे या योजनेला गोंडस नाव आहे, ‘अभय योजना’. पुणे महापालिकेने २०२० साली थकबाकीवरच्या दंडात ८० टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. अभय म्हणजे भीती नको. पण भीती कुणाला होती? वेळेवर भरणारा तर कधी भ्यालाच नव्हता. तो रांगेत उभा होता.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, ‘बुडीत रकमेतले काही तरी हाती येते, तिजोरीत पैसा येतो, कोर्टकचेऱ्या वाचतात.’ त्यात तथ्य आहे. घरचा कर्ता गेला, आजारपण आले, धंदा बसला, अशा घरांना सवलत मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण सरसकट माफीत खरा अडलेला आणि मुद्दाम अडवून बसलेला दोघे एकाच तराजूत तोलले जातात. विधवा बाईच्या दोन खोल्यांना जी माफी, तीच मोठ्या व्यापारी संकुलाच्या मालकाला. आणि एकदा माफी झाली की पुढच्या माफीची वाट पाहणारे तयार होतात. बँकेत कर्जमाफीच्या वेळी आम्ही हेच पाहत होतो. हप्ता नियमित भरणारा शेतकरी खिडकीशी येऊन विचारायचा, “बाई, मला काय मिळालं?” त्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नसायचे.

गुंठ्याचा प्लॉट आणि मंजूर प्लॉट

दुसरे उदाहरण घरांचेच. बेळगाव असो, कोल्हापूर असो, सांगली असो, शहराच्या कडेची शेती गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. रीतसर बिनशेती नाही, आराखड्याला मंजुरी नाही, रस्ता कागदावर वीस फूट आणि प्रत्यक्षात आठ फूट. आपल्याकडे तर कित्येक व्यवहार निव्वळ बाँडपेपरवर झाले. घेणारे कोण? यंत्रमागावर काम करणारा विणकर, हॉटेलातला कामगार, भाजी विकणारी बाई. स्वस्तात डोक्यावर छप्पर मिळते म्हणून त्यांनी आयुष्यभराची पुंजी ओतली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो प्लॉट पाडून, पैसे घेऊन पसार होणाऱ्याचा आणि ते सारे डोळ्यांसमोर घडत असताना गप्प बसणाऱ्यांचा.

यावर सरकारांनी काय केले? महाराष्ट्राने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट आणि घरे त्यात धरली. ही शेवटची संधी, असेच तेव्हा सर्वांना वाटले होते. २०२१ साली ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. कर्नाटकाने ‘अक्रम-सक्रम’ आणले. २००७ पासून त्याची चर्चा, २०१४ मध्ये नियम निघाले. १९ ऑक्टोबर २०१३ पर्यंतची बांधकामे धरायची, राहत्या घरात नियमाचा भंग ५० टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी इमारतीत २५ टक्क्यांपर्यंत असेल तर दंड घेऊन नियमित करायची. डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने योजना उचलून धरली आणि लगेच जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुढे २०२५ मध्ये कर्नाटकातल्या शहरांत ‘बी खाता’ देण्याची मोहीम निघाली. १० सप्टेंबर २०२४ ही त्यासाठी सीमारेषा आणि पहिल्या वर्षी दुप्पट कर.

या घरांना कुठल्या तरी नोंदवहीत आणणे गरजेचेच आहे. लाखो माणसांना कायमचे बेकायदा ठेवून शहर चालत नाही. पण ज्याने मंजूर ले-आऊटमध्ये प्लॉट घेतला त्याचाही विचार करा. त्याने चौरस फुटाला जास्त दर मोजला, कारण त्यात रस्त्याची, गटाराची, बागेच्या जागेची किंमत धरलेली होती. त्याने नकाशा मंजूर करून घेतला, फी भरली, चारही बाजूंनी जागा सोडली, म्हणून घराच्या दोन खोल्या कमी झाल्या. शेजारच्याने भिंतीला भिंत लावून तीन मजले चढवले. पुढे दंड भरून तेही नियमित होणार. मग त्या वस्तीत रस्ते-गटारे करायला पैसा लागतो, तो सार्वजनिक तिजोरीतून येतो. म्हणजे नियम पाळणाऱ्याने एकदा स्वतःच्या रस्त्याचे पैसे प्लॉटमधून भरले आणि दुसऱ्यांदा इतरांच्या रस्त्याचे पट्टीतून भरले. ज्याने प्लॉट पाडून नफा कमावला, त्याने मात्र एकदाही नाही. अंतिम तारीख दर काही वर्षांनी पुढे सरकते, पण त्या प्लॉट पाडणाऱ्याकडून वसुली करण्याचे नाव कुणी काढत नाही, ही खरी गोम आहे.

पावती नीट वाचू या

आपण पावती घेतो, घडी घालतो आणि फाईलला लावतो. वाचत मात्र नाही. एकदा वाचून पाहा. कर्नाटकात घरपट्टीच्या रकमेवर आणखी उपकर लागतात. आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के, भिक्षेकरी उपकर ३ टक्के. म्हणजे दहा हजारांच्या घरपट्टीवर दीड हजार आरोग्यासाठी, सहाशे ग्रंथालयांसाठी आणि तीनशे निराश्रितांच्या केंद्रांसाठी. हे झाले चोवीसशे. नागरी वाहतुकीचा उपकर आणि कचरा उचलण्याचे शुल्क आणखी वेगळे.

उपकराचा अर्थच असा की तो ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा. महापालिकेने तो गोळा करून त्या त्या खात्याकडे सुपूर्द करायचा. पण बंगळूरसारख्या मोठ्या शहरात ग्रंथालय उपकराचे शेकडो कोटी रुपये महापालिकेकडेच अडकल्याच्या बातम्या अनेकदा छापून आल्या आहेत. ही रक्कम लोकांनी भरलेली होती. थकबाकीदार नागरिक नव्हते, खुद्द कर गोळा करणारी संस्थाच थकबाकीदार होती! तिला दरमहा दोन टक्के दंड लावला गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्या सीमाभागाला ग्रंथालयांचे केवढे अप्रूप. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. आपल्याकडची अशी जुनी मराठी वाचनालये सभासदांच्या वर्गणीवर आणि देणगीदारांच्या कृपेवर दिवस काढतात. आपण दरवर्षी सहा टक्के ग्रंथालयासाठी भरतो, तेव्हा त्यातली पुस्तके कुठे आली, कोणत्या भाषेतली आली, आपल्या पेठेतल्या शासकीय वाचनालयात मराठी वर्तमानपत्र येते का, हे विचारायला काय हरकत आहे?

आणि पावती वाचायची तर ती वाचता यायला हवी. सीमाभागातल्या किती घरांत नोटीस आली की शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, “जरा वाचून सांग रे बाळा.” भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्राने १९५६ साली जे निवेदन काढले, त्यात लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के असलेल्या समाजासाठी महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असे म्हटले आहे. हा प्रश्न अस्मितेचा आहे तसा साध्या व्यवहाराचाही आहे. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला बिल कळले पाहिजे. किराणा दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला समजेल असेच बिल करतो.

पट्टी सुरू, सभागृह बंद

पट्टी घेणाऱ्याने हिशेब द्यायचा कुणाला? लोकांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांच्या सभेला. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ पासून अमलात आली, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. मुदत संपण्याआधीच ती व्हायला हवी. प्रत्यक्षात काय झाले? बेळगाव महापालिकेची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. ५८ प्रभागांची निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये आणि महापौर निवडला गेला फेब्रुवारी २०२३ मध्ये. जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार. त्याआधीही २००५ आणि २०११ साली तिथले निवडून आलेले सभागृह सरकारने बरखास्त केले होते, त्यामागचे सीमाप्रश्नाचे राजकारण आपण सगळे जाणतो. पलीकडे कोल्हापूरची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ! म्हणजे एक अख्खी मुदत नगरसेवकांविना गेली.

या काळात पट्टी थांबली का? नाही. दंड थांबला का? नाही. प्रशासक चांगला असू शकतो, काही ठिकाणी कामेही झपाट्याने झाली असतील. पण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन बाई जाणार कुणाकडे? नगरसेवक निदान मतांसाठी तरी दारात येतो. प्रशासकाला आपल्या मताची गरज नसते.

पैसा कुठे जातो याचे आणखी एक उदाहरण पाण्याचे. बेळगावात जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ पासून दहा प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. तो यशस्वी झाला, बाहेरगावचे पाहुणे पाहायला आले. नळाला मीटर, पाणी हवे तेव्हा, बायकांची रात्री जागण्याची कटकट संपली. पण बाकीच्या प्रभागांत वर्षानुवर्षे कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने पाणी आले. तीच महापालिका, तेच राकसकोप आणि हिडकलचे पाणी, तोच वेळेवर पट्टी भरणारा नागरिक, पण एका गल्लीत चोवीस तास आणि पलीकडच्या गल्लीत पिंपे-बादल्या. उरलेल्या शहरासाठी योजना आली, ती पहिल्या प्रयोगानंतर कितीतरी वर्षांनी. प्रयोग दाखवण्यापुरता नीट करायचा आणि पसरायला एक पिढी लावायची, यात सर्वांत जास्त हाल त्याचेच होतात जो तक्रार न करता पट्टी भरत राहतो.

उशीर तुमचा आणि उशीर त्यांचा

आपण उशीर केला तर दरमहा दोन टक्के. मग कार्यालयाने उशीर केला तर? त्यासाठीही कर्नाटकात कायदा आहे. २०११ चा ‘सकाल’ कायदा. ठरलेल्या दिवसांत काम झाले नाही तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये भरपाई, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. म्हणजे पंचवीस दिवसांनंतर कार्यालयाचे घड्याळ थांबते. तुमचे घड्याळ मात्र वर्षानुवर्षे चालूच राहते. शिवाय ही भरपाई आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. ज्या टेबलावर पुन्हा उद्या काम घेऊन जायचे आहे, त्या टेबलाविरुद्ध वीस रुपये मागायला कोण जाईल? तरीही हा कायदा चांगला आहे. अर्ज दिला की पोच घ्या आणि तिच्यावरचा क्रमांक व तारीख जपून ठेवा. निदान काम किती दिवसांत व्हायला हवे होते हे तरी ठणकावून सांगता येते.

मागायचे काय?

काही मंडळी म्हणतात, “मग आपणही भरू नये!” हे मला मुळीच पटत नाही. पट्टी बंद झाली तर पहिला कचरा आपल्याच दारात साचेल, आणि पालिकेच्या नळावर, पालिकेच्या दवाखान्यावर अवलंबून असलेल्या गरिबाचे हाल आधी होतील. भरणाऱ्याने भरत राहावे, पण मुक्याने भरू नये.

माझ्या मते चार गोष्टी मागायला हव्यात. पहिली, माफी द्यायची तर अडलेल्याला द्या, त्याचे निकष जाहीर करा. मोठ्या व्यापारी थकबाकीदाराला दंडात सूट नको. आणि ज्या वर्षी माफी जाहीर होईल त्या वर्षी, मागची पाच वर्षे वेळेवर भरणाऱ्यालाही तेवढ्याच मानाने सूट द्या. दुसरी, अनधिकृत ले-आऊट नियमित करताना तो पाडणाऱ्याकडून विकासाचा खर्च वसूल करा. घर घेणाऱ्या गरिबाला आणि दूरच्या करदात्याला तो भुर्दंड नको. तिसरी, प्रत्येक प्रभागात वर्षाला किती पट्टी जमा झाली आणि त्याच प्रभागात किती खर्च झाली, याचा एक पानी फलक कन्नडबरोबर मराठीतही लावा. चौथी, उपकर ज्या खात्याचा, त्याला तो वेळेवर पोहोचवा आणि पोहोचवल्याचे जाहीर करा.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मागणीसाठी मोर्चाचीही गरज नाही. २००५ सालचा माहिती अधिकार कायदा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. भिशी, महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ, कुणीही एकत्र येऊन एक अर्ज करावा, ‘आमच्या प्रभागातून मागच्या वर्षी किती घरपट्टी आली, ग्रंथालय उपकर किती जमा झाला आणि तो कोणत्या तारखेला भरला?’ तीन ओळींचा प्रश्न. नियमाप्रमाणे तीस दिवसांत उत्तर यायला हवे. अनेक महापालिका अर्थसंकल्पाआधी नागरिकांची बैठकही बोलावतात. त्या बैठकीला आपण दोन-चार बायका जरी ते उत्तर हातात घेऊन गेलो, तरी चर्चेचा सूर बदलेल.

नियम पाळणारा माणूस बक्षीस मागत नाही. नियम पाळणे हे नियम मोडण्यापेक्षा महाग पडू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. ज्या गावात ते महाग पडते, त्या गावात पुढची पिढी हिशेब करायला शिकते. आणि तो हिशेब भाऊजींनी मला चहा पिता पिता सांगितलाच होता.